मुलांच्या नावावर घोडा, पण सगळं काम सईसाच्या अंगावर: पागेत नियम कसे लावावेत?

मुळशी_पागा

नमस्कार मंडळी. मुळशीकडच्या एका पागेची व्यवस्था माझ्याकडे आहे. इथले काही घोडे शाळकरी मुलांचे आहेत, म्हणजे आईवडिलांनी घेऊन दिलेले आणि मासिक शुल्कावर आमच्याकडे ठेवलेले. मुलं तेरा ते सतरा वयाची. बसतात चांगली, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार बाकीच्याची आहे. गाडीतून उतरल्यावर खोगीर कसलेला घोडा समोर हवा. पाऊण तास फिरवला की घामाने निथळणाऱ्या घोड्याचा लगाम सईसाकडे, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाकडे, टाकायचा आणि मोबाइल काढायचा. वडिलांच्या वयाच्या सईसाला ‘ए, पाणी आण’. घोडा अडथळ्यापुढे थांबला की चाबूक, आणि घरी गेल्यावर ‘हा घोडा बाद आहे, दुसरा घ्या’. पालकांशी बोललं की ‘आम्ही पूर्ण पैसे भरतो’ हे उत्तर ठरलेलं.

घोड्यांचे हाल थांबायला हवेत, चांगले सईस टिकायला हवेत आणि मुलंही तुटायला नकोत. सुरुवात कुठून करावी?

टाच_खाली

दादा, आधी पागेची रचना बदला, मुलांना बोलणं नंतर. खोगीर कसून घोडा बाहेर आणून देणं ही तुम्हीच दिलेली सोय आहे. ती असेपर्यंत मुलाच्या वाट्याला फक्त बसणं उरतं, आणि फक्त बसणाऱ्याला घोडा सायकलसारखाच वाटणार.

तासाची वेळ तीच ठेवा, पण मुलाने चाळीस मिनिटं आधी यायचं. उशीर झाला तर तेवढं बसणं कमी, तयारी कमी नाही. पहिले दोन आठवडे बसायला वीस मिनिटंच मिळतील. पालकांचे फोन येतील, तरी तेव्हा ढिलं पडू नका.

तयारी कशी: घोडा बांधला की चारही पायांवरून वरून खाली हात फिरवायचा. पुढच्या पायाच्या नळीमागची शीर (टेंडन) एका बाजूला गरम किंवा फुगलेली लागली तर त्या दिवशी बसणं रद्द. मग हूफपिकने (खुरातली घाण काढायच्या आकड्याने) खूर साफ करायचे, टाचेकडून टोकाकडे, मधल्या मऊ त्रिकोणाला टोक लागू न देता त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मोकळ्या करायच्या. खरारा गोल फिरवत मान, खांदा, पुठ्ठे या मांसल भागांवरच. गुडघ्याखाली मऊ ब्रश. पाठ आणि तंग (खोगीर धरून ठेवणारा पोटाखालचा पट्टा) बसतो ती जागा उघड्या तळहाताने चाचपायची. वाळलेल्या घामाची एक खपली राहिली तरी तंगाखाली जखम होते, आणि मग घोडा तंग कसताना चावायला येतो. मुलं त्यालाच ‘वाईट स्वभाव’ म्हणतात.

नमदा (खोगिराखालची जाड घडी) आणि खोगीर थोडं पुढे ठेवून मागे सरकवायचं, म्हणजे केस उलटे दबत नाहीत. तंग एका दमात आवळायचा नाही. आधी बेताचा, पाच मिनिटं चालवल्यावर पुन्हा, आणि बसण्यापूर्वी शेवटचा. हे सगळं मुलाने करायचं. सईसाने शेजारी उभं राहून बघायचं, चुकलं तर सांगायचं, पण हातातून काम घ्यायचं नाही. चौदाच्या आतल्या मुलाचा घोडा मात्र मोठ्या माणसाने धरलेला असावा.

चाबकाबाबत एफईआयच्या (आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या) स्पर्धांमध्येही फटक्यांवर मर्यादा आहे. पागेत त्याहून कडक ठेवा. घोडा थांबल्यानंतर रागाने मारलेला पहिला फटका पडला की मुलाने उतरायचं आणि त्या दिवसाचं काम संपलं. मग अडथळा खाली करून प्रशिक्षकाने तोच घोडा त्यावरून न्यायचा, मुलाने बघायचं. बहुतेक वेळा घोडा गेलेला दिसतो. नकाराची कारणं नेहमीचीच असतात: वेग तुटलेला, अंतर चुकलेलं, उडीच्या क्षणी लगामाला हिसका, किंवा पाठ दुखणारी. प्राण्याला मारणं आणि त्याच्या ताकदीबाहेर दामटणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे, हेही पालकांना लेखी द्या.

बाणेर_पालक

दुसरी बाजू मांडतो. शाळा, क्लास आणि चांदणी चौकातली गर्दी यातून मूल आठवड्यात दोनदा पोचतं. पूर्ण देखभालीचे पैसे भरल्यावर लीद उपसायला लावणं पटत नाही. आणि दहावीच्या वर्षी काय करायचं? फेब्रुवारी-मार्चमध्ये घोड्याकडे बघायलाही वेळ नसतो.

खूर_आणि_चंदी

लीद कोणी उपसायची हा प्रश्नच नाही, ते पागेचं काम आहे. चंदीही मुलांच्या हातात देऊ नये. ओट, हरभरा, कोंडा यांचं माप पागेने ठरवायचं. लाडाने दिलेला जास्तीचा दाणा पोटशूळ आणतो.

पण ‘आठवड्यात दोनदा’ यातच घोड्याचं नुकसान दडलंय. सोमवार ते शुक्रवार ठाणावर उभा, चंदी पूर्ण, आणि शनिवारी एकदम चौखूर उधळवला, की पुठ्ठ्याचे स्नायू धरतात. घोडा आखडून चालतो, विनाकारण घामाघूम होतो, पुठ्ठा दगडासारखा लागतो, लघवी कॉफीच्या रंगाची होते. अशा वेळी ‘चालवून मोकळा करू’ म्हणणं घातक आहे. जिथे आहे तिथेच उभा ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. टाळायचं असेल तर सुट्टीच्या दिवशी चंदी निम्मी करा. वैरण मात्र तेवढीच राहू द्या: 400 किलोच्या घोड्याला दिवसाला 6 ते 8 किलो वाळलं गवत लागतं. आणि मूल येवो न येवो, रोज कोणीतरी घोडा बाहेर काढायलाच हवा.

स्वारीनंतरची पंधरा-वीस मिनिटं मुलाकडेच ठेवा. तंग दोन भोकं सैल करून हाताने दहा मिनिटं चालवणं, मग नाडी बघणं. जबड्याच्या हाडाखालून जाणारी शीर बोटाने दाबून 15 सेकंदांचे ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं. विश्रांतीत 28 ते 44 असतात. चालवून झाल्यावर 60 च्या खाली यायला हवेत. तसे आले नाहीत तर घोडा अजून तापलेला आहे, पाणी ओता, निथळवा, पुन्हा ओता. तापलेल्या घोड्याला प्यायला पाणी द्यायचं नाही हा समज सोडा, थोडं थोडं पिऊ द्या. दाणा मात्र तासाभरानंतर. स्वतःच्या बोटाखाली ते ठोके धडधडताना जाणवले की ‘अजून एक राउंड’ हा हट्ट बराच कमी होतो.

एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेआठनंतर बसणं बंद. पावसाळ्यात खूर रोज बघायचे. खाचेत काळा, घाण वासाचा चिकटा दिसला तर कूज सुरू झाली आहे, नालबंदाची वाट बघत बसू नका. नालबंद तसाही दर पाच-सहा आठवड्यांनी यायलाच हवा.

टाच_खाली

बाणेरकर, दहावीचा प्रश्न रास्त आहे, पण तो घोडा घेताना विचारायला हवा. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. तेराव्या वर्षी आठ वर्षांचा घोडा घेतला, तर मूल बारावी होऊन परगावी जाईल तेव्हा घोडा तेराचा असेल, निम्मं आयुष्य पुढे. रेसमधून उतरलेला थरोब्रेड पुण्यात सहज मिळतो म्हणून नवशिक्या मुलाला देणं तर टाळाच. त्याला धावायचं शिकवलंय, थांबायचं आणि वळायचं पुन्हा शिकवायला कित्येक महिने जातात.

परीक्षेच्या वर्षी अर्धा वाटा द्या. त्याच पागेतल्या घोडा नसलेल्या मुलाने आठवड्यात तीन दिवस बसायचं आणि नाल व वैरणीचा निम्मा खर्च उचलायचा. डॉक्टरांचा खर्च, इजा झाल्यास जबाबदारी, उडीची कमाल उंची आणि करार मोडायची मुदत, सगळं कागदावर. ज्यांच्याकडे घोडा नाही ती मुलं कामाला जास्त हौसेने भिडतात, आणि मालक मुलाला ते शेजारी बघायला मिळतं.

मुळशी_पागा

खूप उपयोग झाला. सईसांना मिळणाऱ्या वागणुकीचं काय करावं? त्यावर नियम लावला तर कागदावरच राहतो.

खूर_आणि_चंदी

सईसाला अधिकार द्या, मग मान मिळेल. फळ्यावर लिहा: सईस म्हणाला घोडा लंगडतोय, तर त्या दिवशी बसणं नाही. पालकांनी फोन केला तरी निर्णय फिरवायचा नाही. फिरवायचा तर फक्त डॉक्टरांनी, घोडा कडक जमिनीवर दुडकी चालवून बघितल्यावर. प्रत्येक ठाणावर घोड्याच्या नावाखाली सईसाचं नाव लावा, आणि हाक त्याच नावाने, पुढे काका किंवा दादा जोडून. बाटली आणणं, बूट पुसणं ही सईसाची कामं नाहीत, हे शुल्काच्या कागदावरच छापा. बक्षिसी मुलांच्या हातून नको. महिन्याला पालकांकडून एकत्र जमा करून सगळ्या सईसांत वाटा, नाहीतर जास्त देणाऱ्याचा घोडा आधी तयार होतो.