कॉलेजातला समुपदेशक: मुलांसाठी की फाइलसाठी?

कट्ट्यावरचा
जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिले की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. सगळीकडे स्वागत झालं. मला मात्र यातून नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायलीतलं एक पान वाढण्यापलीकडे काही होईलसं वाटत नाही.

आमच्याकडे 'समुपदेशन कक्ष' आधीपासून आहे. परीक्षा विभागाला लागून खोली, दारात बाकडं, टेबलावर रजिस्टर. रकाने असे: नाव, वर्ग, रोल नंबर, येण्याचे कारण. आत बसतात मानसशास्त्राच्या मॅडम, ज्यांच्या हातात इंटर्नलचे मार्क. कोण जाणार? 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, पोस्टर स्पर्धा, फोटो, अहवाल. झाली जागृती.

मुळात मुलं खचतात कशाने? शिष्यवृत्ती वर्ष संपलं तरी खात्यात येत नाही, मेसवाला दारात उभा, गाईड सही देत नाही. त्यावर 'खोल श्वास घ्या' हा उपाय नाही. समुपदेशकाच्या पगाराचे पैसे तिकडे लावा.

शांताबाईची_लेक
मी हेच काम करते, म्हणून राहवलं नाही. रजिस्टर वाईट आहे, मान्य. ते फाडा ना, कक्षच कशाला नको?

'मला डिप्रेशन आहे' म्हणत सहसा कोणी येत नाही. झोप लागत नाही, डोकं दुखतं, लेक्चरला बसवत नाही असं सांगत येतात. दोन-तीन भेटींनंतर मेसच्या थकबाकीचा विषय निघतो. मग मीच मेसवाल्याकडून मुदत मागते, विभागप्रमुखांशी बोलते, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. खोल श्वास म्हणाल तर तोही घ्यायला लावते, पॅनिक अटॅकमध्ये त्याचा उपयोग होतो. शिष्यवृत्ती की समुपदेशक अशी निवड करायला मुलांना का लावायचं?

निवृत्त_मास्तर
आमच्या वेळी खोलीत चौघं, एक पंखा, घरून महिन्याला मनीऑर्डर. कुणाला समुपदेशक लागला नाही. आताच्या मुलांना नकार पचत नाही, एवढंच.

शांताबाईची_लेक
सर, लागला नाही की मिळाला नाही? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13 हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि राज्यांत सर्वांत वर महाराष्ट्र. ही सगळी मुलं नाजूक होती म्हणून मोकळं व्हायचं का?

पीएचडी_सातवं_वर्ष
कट्ट्यावरचा यांच्याशी अर्धा सहमत. लोक समुपदेशकाच्या मुद्द्यापाशीच थांबतात. त्याच निर्देशांत मार्कांवरून तुकड्या पाडू नका, चारचौघांत अपमान करू नका असंही आहे. जात, वर्ग, लिंग, अपंगत्व यांवरून होणाऱ्या छळाच्या तक्रारीसाठी गोपनीय यंत्रणा उभारा असंही आहे. ते कलम कुठल्या नोटीस बोर्डावर पाहिलंत? माणूस नेमणं सोपं. 'तुमच्यासारख्यांना संशोधन झेपत नाही' असं भर सेमिनारमध्ये म्हणणाऱ्या प्राध्यापकाला आवरणं अवघड. त्रास देणारा तसाच खुर्चीत आणि मी मात्र 'ताणाचं व्यवस्थापन' शिकायचं, हा कुठला न्याय?

हॉस्टेल_ब_विंग
सगळे दिवसाचं बोलताय. कक्ष अकरा ते पाच. आमच्याकडे माणूस ढासळतो तो रात्री दोनला, तेव्हा शेजारच्या खोलीतली पोरगीच काय ती असते. तिला दोन गोष्टी माहीत हव्यात: एकटं सोडायचं नाही, आणि 14416. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, 2022 पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलता येतं. हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलात आणि वर्गात ठळक लावा हेही न्यायालयानेच सांगितलंय. आमच्या मजल्यावर फी थकल्याची यादी ठळक आहे. नंबर आम्ही मुलींनीच मार्करने बाथरूमच्या दारामागे लिहिला, तर रेक्टर बाईंनी भिंत खराब केली म्हणून दंड लावला.

निवृत्त_मास्तर
दंड लावणं चूकच. पण घरच्यांना कळवायला नको का? तुम्ही लोक सगळं गुपित ठेवता.

शांताबाईची_लेक
सर, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 23: माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क. जिवाला धोका असेल तर तो टाळण्यापुरतं सांगता येतं, आणि तेव्हा आम्ही सांगतोच. पहिल्याच भेटीत मुलांना ही अट समजावते. घरी फोन जाईल या भीतीने मुलगा दारातूनच परतला तर मग कुणालाच काही कळत नाही.

कट्ट्यावरचा
ठीक. पगाराचे पैसे वळवा हे माझं म्हणणं मागे. पण मार्क देणारा माणूस त्या खुर्चीत नको, खोली परीक्षा विभागाशेजारी नको, रजिस्टर बंद. एवढं झाल्याशिवाय मी त्याला कक्ष म्हणणार नाही.

शांताबाईची_लेक
मंजूर. त्यात माझंही एक जोडा: मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. जूनमध्ये माझ्याशी बोलायला लागलेल्या मुलाला मेमध्ये काय सांगू?

पीएचडी_सातवं_वर्ष
आणि त्या प्राध्यापकांचं काय, ते कुणीच बोललं नाही.