कार्डाची थकबाकी १,२०,००० आणि भाऊ बिलच उघडत नाही. सुरुवात कुठून करावी?

जमेल_तसं:
धाकट्या भावाच्या क्रेडिट कार्डावर १,२०,००० थकलेत. पगार हातात ४२,००० येतो. दर महिन्याला ‘मिनिमम’ ६,००० भरतो, तरी रक्कम हलत नाही. बँकेचा नंबर दिसला की फोन पालथा ठेवतो. बायकोला पत्ता नाही. ‘सकारात्मक राहा’ सांगून झालं. नेमकं करायला काय लावू?

खतावणी:
रक्कम का हलत नाही ते आधी कागदावर मांडून दाखवा. व्याज महिना ३.५ टक्के धरलं तर ४,२००, त्यावर १८ टक्के जीएसटी ७५६. म्हणजे ६,००० मधले ४,९५६ असेच गेले, मुद्दल फिटलं १,०४४. शिवाय पूर्ण बिल भरलेलं नसलं की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज घेतलेल्या किराण्यालाही लगेच व्याज. म्हणून कार्ड आधी बंद ठेवा. ॲपमधून ऑनलाइन, टॅप, एटीएम सगळं बंद करता येतं. आपोआप कापली जाणारी रिचार्ज, ओटीटी वगैरेही काढा, नेमकी तीच राहून जातात.

मग बँकेला आपणहून फोन. थकबाकीचे हप्ते करून मिळतील का, दर किती, प्रोसेसिंग फी किती, मुदतीआधी फेडलं तर दंड किती? १६ टक्क्यांनी ३ वर्षांचं कर्ज मिळालं तर हप्ता साधारण ४,२२०, म्हणजे आत्ता भरतोय त्याहून कमीच. पण हे हप्ता चुकायच्या आत. एकदा क्रेडिट स्कोअर (कर्ज वेळेवर फेडता का याचे गुण) घसरला की दर चढा मिळतो, नाहीतर सरळ नकार.

सुपारी_खांड:
एक भर. कार्डावरच हप्ते केले तर त्यांच्या व्याजावरही जीएसटी लागतो, पर्सनल लोनच्या व्याजावर नाही. नुसता दर बघून फसू नका.

निवांत_नाही:
आकडे ठीक, पण तो बिल उघडणार कधी? टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, त्यानेच सवय पक्की होते. रविवारी सकाळी अर्धा तास शेजारी बसा. एकूण थकबाकी, भरायची तारीख, लागलेलं व्याज, एवढंच त्याच्या हाताने लिहून घ्या. बाकी चर्चा त्या दिवशी नको.

बायकोला सांगताना तोच कागद पुढे ठेवायचा: रक्कम, हप्ता, कर्ज संपायचा महिना. तिचे दागिने न सांगता गहाण ठेवायचा विचार असेल तर मोडून काढा. सोनेतारण स्वस्त पडतं हे खरं, पण कार्ड चालू राहिलं तर दोन्ही कर्जं डोक्यावर.

झोप, जेवण उडालं असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सुपारी_खांड:
बँकवाले ‘सेटलमेंट’ची, म्हणजे थोडी रक्कम भरून बाकी माफ करून घ्यायची, गळ घालतील. थोडक्यात सुटलो असं वाटतं, पण क्रेडिट रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ पडतं आणि पुढे घराचं कर्ज अडतं. पगार चालू असताना त्या वाटेला जाऊच नये. वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. केलाच तर तारीख-वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी नाही.

जमेल_तसं:
मुद्दल-व्याजाचा कागद आजच करतो. फोन त्यालाच करायला लावू की मी करू?

खतावणी:
त्यालाच. खातेदाराशिवाय बँक दुसऱ्या कुणाशी बोलणारही नाही. स्पीकर लावा, प्रश्न लिहून समोर ठेवा, आणि कबूल केलेला दर ईमेलवर मागून घ्या.