जुनी विहीर साफ करून पुन्हा वापरात आणायची आहे, प्लॅन बरोबर आहे का?

जुनाआड:
मंडळी, घरामागे एक जुनी दगडी विहीर आहे. व्यास साधारण ३ मीटर, खोली १२ मीटरच्या आसपास, सध्या २ मीटर पाणी. बरीच वर्षं फक्त झाडांना पाणी घालायला वापरायचो, नंतर तेही बंद झालं. आता घरात वापरायचं, जमलं तर प्यायलाही, असं चाललंय. तळाशी गाळ भरपूर आहे (दोरीला दगड बांधून सोडला की रुततो), पाण्याला जरा कुजट वास येतो, पाऊस पडला की लगेच गढूळ होतं आणि एका बाजूने भिंतीने पोट काढल्यासारखं दिसतंय. त्याच बाजूला कठड्याखाली पिंपळ उगवलाय. माझा प्लॅन असा की मोठा पंप लावून एका दिवसात विहीर कोरडी करायची, दोन माणसं उतरवून गाळ काढायचा, आतून वरपासून खालपर्यंत सिमेंटचं प्लास्टर मारायचं आणि मग ब्लीचिंग पावडर टाकायची. चालेल का? की सरळ बोअर मारू?

खोलपाणी:
थांबा जरा. माणसं उतरवायची घाई अजिबात करू नका. बंद पडलेल्या विहिरीत खाली ऑक्सिजन कमी असू शकतो, कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो म्हणून तो तळाशी साचून राहतो आणि वरून बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही. तुम्ही कुजट वास म्हणताय तो सडक्या अंड्यासारखा असेल तर हायड्रोजन सल्फाइड असू शकतो. त्याची गंमत अशी की (गंमत कसली) प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं गॅस गेला.

कंदील सोडून बघा असं कोणीतरी सांगेलच म्हणून आधीच लिहितो. कंदील विझला तर उतरायचं नाही हे नक्की, पण तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली असं मुळीच नाही. विषारी गॅस असतानाही ज्योत आरामात जळते, आणि खाली मिथेन असेल तर तुम्ही स्वतःच काडी लावताय. चार गॅस मोजणारं मीटर मिळतं, ते दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी रीडिंग घ्या. चांगल्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर उतरायचं नाही. ब्लोअरचा पाइप तळापर्यंत सोडून हवा खेळती ठेवा आणि काम चालू असताना मीटर उतरलेल्या माणसाच्या अंगावरच राहू द्या, कारण गाळ ढवळला की त्यात अडकलेला गॅस त्याच वेळी सुटतो. सकाळचं रीडिंग दुपारी कामाचं नाही. डिझेल किंवा पेट्रोल इंजिन विहिरीत उतरवायचं नाही, काठाला चिकटूनही ठेवायचं नाही.

उतरणाऱ्याला हार्नेस, दोर वर तिकाटण्याला (काठावरच्या तीन पायांच्या घोडीला) आणि ओढायला माणसं हजर. कोणी खाली कोसळला तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घ्यायची नाही, वरूनच ओढायचं. एकाच विहिरीत दोघं-तिघं जातात ते बहुतेक वेळा असंच, पहिल्याला वाचवायला दुसरा जातो म्हणून.

मुरूम:
वरच्यांनी हवेचं लिहिलंय, मी भिंतीचं लिहितो. एका दिवसात कोरडी करायचा विचार सोडा. विहिरीत पाणी असतं तेव्हा ते आतून भिंतीला टेकू देतं. तुम्ही ते झपाट्याने उपसलं तर भिंतीमागच्या मातीतलं पाणी तेवढ्या वेगाने उतरत नाही, सगळा दाब बाहेरून आत येतो आणि जी भिंत आधीच पोट काढून बसलीय ती पहिली आत येते. थोडं उपसा, थांबा, भिंतीकडे बघा, परत उपसा. मागच्या सांध्यांतून माती वाहून येताना दिसली तर काम बंद. आणि पोट आलेला भाग आधी अनुभवी माणसाला दाखवा, तो भाग वरून खाली टप्प्याटप्प्याने उतरवून परत बांधावा लागेल असं मला वाटतं, पण ते फोटो बघितल्याशिवाय कोणी छातीठोक सांगू नये.

पिंपळ उपटू नका. मुळं दगडांच्या मागून फिरलेली असतात, रोप ओढलं की सोबत दोन दगड येतात. कापा, फुटवे येतील तसे परत कापत राहा आणि बांधकामाच्या वेळी मुळं सोडवून काढा. विहीर प्यायला वापरायचीय तर मुळावर तणनाशक वगैरे काही ओतू नका.

प्लास्टर फक्त वरच्या भागात. निदान वरचे ३ मीटर पक्के, पाणी न झिरपणारे पाहिजेत, म्हणजे जमिनीवरचं घाण पाणी थेट आत उतरणार नाही. खालचे सांधे मोकळे सोडा, तिथूनच तर पाझर येतो. सगळं लिंपलं तर झरे बुजवल्यासारखं होईल.

गाळमुक्त:
मुरूमभाऊ, आमच्याकडे आतून पूर्ण प्लास्टर आहे आणि पाण्याला काही फरक पडलेला नाही. उगाच घाबरवू नका लोकांना. माझ्या मते गाळ काढला आणि तळात एक-दोन आडवी बोअर मारली की विषय संपला.

मुरूम:
तुमच्या विहिरीचं बांधकाम वरच्या मातीपुरतं असेल आणि खाली उघडा खडक असेल, झरे खडकातून येत असतील, तर प्लास्टरने आवक कमी होणार नाही, बरोबर आहे. यांची खालपर्यंत बांधलेली आहे का ते अजून कुठे कळलंय? आणि आवक कमी नाही झाली तरी मागे अडकलेल्या पाण्याचा दाब राहतोच, त्याला बाहेर यायला भोकं ठेवावी लागतात. आडव्या बोअरचं म्हणाल तर यांची तक्रार पाणी कमी असल्याची नाहीच, पाणी खराब असल्याची आहे. पोट काढलेल्या भिंतीच्या विहिरीत ड्रिलिंगची हादरवणी कशाला?

आणि जुनाआड, बोअर मारून सुटका होते असं नाही. बोअरही म्हातारं होतं, केसिंग (बोअरमधला लोखंडी पाइप) गंजतं, त्यातल्या पाणी आत घेणाऱ्या चाळणीवर क्षार बसतात, लोहाच्या जिवाणूंचा तांबूस चिकटा धरतो. तिथेही पंप बंद असतानाची आणि चालू असतानाची पाण्याची पातळी नोंदवत राहावी लागते. बंद असतानाची पातळी तशीच आणि चालवल्यावर मात्र पूर्वीपेक्षा फार खाली जात असेल तर समजायचं चाळणी किंवा भेगा बुजल्यात. दोन्ही खाली गेल्या तर भूजलच उतरलंय, मग कितीही साफसफाई करा.

जुनाआड:
बापरे, बरं झालं विचारलं. विहीर आतून कितपत बांधलीय ते वरून कसं बघू? टॉर्चचा उजेड पोचतच नाही धड.

खोलपाणी:
आरसा घ्या. ऊन चांगलं असताना काठावर उभं राहून आरशाने ऊन आत पाडा, टॉर्चपेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतं, सांधेसुद्धा मोजता येतात. पाण्याच्या पातळीच्या वर कुठे ओले पट्टे, काळे ओघळ, पांढरे क्षार दिसतात ते टिपून ठेवा आणि त्या जागेच्या बरोबर वर जमिनीवर काय आहे ते बघा. जमलं तर पाऊस झाल्यावर परत एकदा. कठड्यावर रेलू नका, जुना असेल तर तोही हलता असतो.

जुनाआड:
केलं. खाली साधारण दोन तृतीयांश खोलीपर्यंत दगडी बांधकाम, त्याखाली खडक. पोट आलेल्या बाजूला वरून खाली एक रुंद काळा ओघळ आहे, ओलाच होता, पाऊस नसताना. आणि वर बघतो तर मोरीचं पाणी जाणारी गटारी तिथूनच जाते, एका ठिकाणी फुटलेली. शिवाय पाण्यावर तेलासारखा तवंग दिसतो, रॉकेल-बिकेल पडलं असेल का?

मुरूम:
मग सापडलं की! तेच सांडपाणी मागून मुरतंय, माती भुसभुशीत करतंय, भिंत ढकलतंय, पिंपळाला पाजतंय आणि विहिरीत उतरतंय. आधी गटारी तिथून हलवा, नुसती दुरुस्त नको. शोषखड्डा, संडासाची टाकी, गोठा, सगळं विहिरीपासून निदान १५ मीटर लांब पाहिजे, आणि विहीर उताराच्या खालच्या अंगाला असेल तर त्याहून जास्त. मग कठडा, भोवती मीटरभर रुंद बाहेरच्या बाजूला उतार दिलेलं काँक्रीट आणि वर झाकण. भिंत आणि गाळ त्यानंतर. आत्ता गाळ काढाल तर पुढच्या पावसात परत तेच.

थेंब_थेंब:
तवंगाचं सोपं आहे. काडीने हलवून बघा. काचेसारखे तुकडे होऊन वेगळे राहिले तर लोहाच्या जिवाणूंचा, त्याचं टेन्शन नाही. फिरून लगेच एकत्र जुळला तर तेल, मग प्यायचा विचार सध्या बाजूला ठेवा.

ब्लीचिंगचा हिशोब, कारण लोक अंदाजे मूठभर टाकतात. दुरुस्तीनंतर पाणी परत भरून निवळलं की मोजा. ३ मीटर व्यास आणि २ मीटर पाणी म्हणजे ३.१४ × १.५ × १.५ × २, साधारण १४,००० लिटर. एकदाच्या कडक निर्जंतुकीकरणाला लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन धरलं तर ७०० ग्रॅम होतं, आणि ३३ टक्क्यांची ताजी पावडर असेल तर साधारण २.१ किलो. उघडी पडलेली जुनी पावडर निम्म्याहून कमी झालेली असू शकते, ती घेऊ नका. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी विहिरीत सोडा, पंपाने तेच पाणी फिरवून भिंतींवरही मारा. निदान ४ तास, शक्यतो रात्रभर ठेवा. त्या काळात आत कोणी उतरायचं नाही. मग क्लोरीन लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत उपसा, हे पाणी ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका, मासे मरतात. क्षार काढायला कोणी ॲसिड सुचवलं तर ते आणि ब्लीचिंग कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू सुटतो.

पाण्याची तपासणी लगेच नको, क्लोरीनचा अंश पूर्ण गेल्यावर आठ-दहा दिवसांनी करा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) शून्य पाहिजे. आणि तुमचं सांडपाणी इतकी वर्षं मुरलंय तर नायट्रेट नक्की तपासून घ्या, ते ब्लीचिंगने जात नाही आणि उकळूनही जात नाही, उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं. घरात तान्हं बाळ असेल तर रिपोर्ट येईपर्यंत त्याला हे पाणी नको.

जुनाआड:
गटारीचं काम उद्यापासून सुरू करतो. गॅस मीटर विकतच घ्यावं लागेल का?

खोलपाणी:
गरज नाही, बंदिस्त टाक्या आणि गटारांची कामं करणाऱ्या ठेकेदारांकडे असतं, भाड्याने मिळतं किंवा ते माणसासकट येतात. फक्त कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर बरोबर मोजतंय ना हे शेवटचं तपासून जुळवल्याची, तारीख बघून घ्या, आणि विहिरीत सोडण्याआधी बाहेर मोकळ्या हवेत चालू करून २०.९ दाखवतंय ना ते तपासा.