ब्लड कॅन्सरच्या उपचारानंतरचं रोजचं जगणं : तुमचे अनुभव लिहा

चुलीपाशी (धागाकर्ती)

मुलगा नऊ वर्षांचा, एएलएल (झपाट्यानं वाढणारा एक ब्लड कॅन्सर). मेंटेनन्सचं, म्हणजे मुख्य केमोनंतर घरी चालणाऱ्या गोळ्यांचं, पहिलं वर्ष गेल्या महिन्यात सरलं. निदान, केमो, धर्मशाळेतले दिवस यावर बरंच लिहिलं जातं. घरी आल्यावर काय, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. मोठमोठं नको, घरातलं लिहा.

मुंबईहून मिरजेला परतल्यावर पहिल्या रात्री मी काय केलं, तर लाकडी पोळपाट टाकून दिला. फाइलमध्ये उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न आणि साल निघणारी फळं एवढंच लिहिलं होतं. पोळपाटाचं नाव कुठेच नव्हतं. पण त्याच्या चिरांत काय असेल या विचारानं झोप लागेना. सासूबाई काही बोलल्या नाहीत. सकाळी स्टीलचा घेऊन आल्या.

आता आमचं घर कालनिर्णयवर चालतं. सिक्स एमपी या केमोच्या औषधाची गोळी रोज रात्री, एक दिवस एक, एक दिवस दीड. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, मंगळवारी. त्या चौकोनात मी लाल पेननं ‘मे’ लिहिते. एका बुधवारी मी कामावरून उशिरा आले, तर सासूबाईंनी मेथोच्या गोळ्या वाटीत काढून ठेवलेल्या. ‘काल राहिल्या असतील म्हणून.’ राहिल्या नव्हत्या. ही गोळी रोज पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं. माझे हातपाय गार पडले. तेव्हापासून मेथो वेगळ्या डबीत, डबी माझ्या कपाटात, आणि दिली की ‘मे’वर काट. ज्यांच्या घरी दोन-तीन माणसं औषध देतात त्यांनी हे आजच करा.

तापाचं आमच्याकडे पाठ झालंय. १००.४ म्हणजे निघायचं. क्रोसिन देऊन ‘बघूया’ नाही, कारण ताप उतरलेला दिसतो आणि इन्फेक्शन आत वाढत राहतं. दाराशी एक पिशवी कायम भरलेली असते.

दुसरामजला

एएमएल (हाही झपाट्यानं वाढणारा ब्लड कॅन्सर), वय ३४, पुणे. केमोची पहिली सायकल सात अधिक तीनची (एक औषध सात दिवस, दुसरं तीन दिवस), मग सायटाराबिन या औषधाच्या हाय डोसच्या तीन. रिपोर्ट चांगले आले तेव्हा वाटलं, संपलं. घरी आलो तर स्वतःच्याच जिन्यात अडकलो. लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दाराबाहेर प्लास्टिकची खुर्ची ठेवली, चार महिने ती तिथेच होती. मी बसायचो, त्या दार उघडायच्या नाहीत. त्या दार उघडत नव्हत्या, ते मला फार बरं वाटायचं.

डोक्याचंही तसंच. एटीएमसमोर उभा राहिलो आणि पिन गेला. मीटिंगमध्ये ‘पुढे ढकलणे’ हा शब्द आठवेना. डॉक्टर म्हणाले, केमोनंतर होतं असं, हळूहळू कमी होतं. बरंचसं झालंही. आता सगळं लिहून ठेवतो.

नातेवाइकांबद्दल लिहू की नको? लिहितोच. पपईच्या पानांचा रस चार वेगवेगळ्या घरांतून आला. प्रेमानंच आला होता, मी बेसिनमध्ये ओतला. माझ्या प्लेटलेट वाढल्या त्या चौदा माणसांमुळे, ज्यांनी दीड-दोन तास हाताला नळी लावून एसडीपी (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट) दिलं. त्यातले पाच माझ्या अजिबात ओळखीचे नव्हते. मला आता कधीच रक्तदान करता येणार नाही, ही फेड राहूनच गेली. दिवाळीत चौदा डबे चकली जाते. आई म्हणते हा हिशोब कधी संपणार? संपवायचाय कुणाला!

बांधावरचा

मी या धाग्यात बसतो का ते ठरवा. माझं सीएमएल (हळूहळू वाढणारा ब्लड कॅन्सर), अकरा वर्षं झाली. आमच्यात केमो नाही, केस जात नाहीत, म्हणून गावात कुणाला खरंच वाटत नाही. रोज इमॅटिनिब ४००, जेवणाबरोबर, वर तांब्याभर पाणी. सकाळी डोळे सुजलेले. रात्री पोटरीत असा गोळा येतो की बायको उठून पाय दाबते.

२०१३ च्या १ एप्रिलला सुप्रीम कोर्टानं या औषधाच्या पेटंटचा निकाल दिला, मूळ कंपनीला पेटंट नाकारलं. तेव्हा मला आजार नव्हता, बातमी वाचली असेल तरी आठवत नाही. मूळ कंपनीची गोळी महिन्याला लाखाच्या वर जायची, आपल्याकडची जेनेरिक आठ-दहा हजारांत मिळायची, असं नंतर कळलं. निकाल उलटा लागला असता तर माझी दोन एकर कधीच गेली असती.

चूक सांगतो. तिसऱ्या वर्षी अंगात ताकद होती, ऊसतोडीची गडबड होती, दोन महिने गोळी घेतली नाही. बरं वाटत होतं ना. पुढच्या पीसीआरमध्ये (रक्तात आजार किती उरलाय ते मोजणारी तपासणी) आकडा वर. डॉक्टर ओरडले नाहीत, नुसते कागदाकडे बघत राहिले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

चुलीपाशी

बसता की! तुमच्यासाठी दोन खुर्च्या.

छत्रीवाला

बायकोचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं, दाता तिचा सख्खा भाऊ, अर्धा मॅच. शंभर दिवस हॉस्पिटलजवळ भाड्याच्या खोलीत काढले, तिथे मी स्वयंपाक शिकलो. कच्चं काहीही चालणार नव्हतं. कोशिंबिरीशिवाय ताट ही काय चीज आहे ते कोकणातल्या माणसाला विचारा.

गमतीचं म्हणजे तिचा रक्तगट बदलला. होती ओ पॉझिटिव्ह, झाली बी पॉझिटिव्ह, भावाचा तोच. आता भांडण झालं की म्हणते, ‘माझ्या अंगात माहेरचं रक्त आहे, जपून.’

आणि लहानपणीच्या लसी पुसल्या गेल्या, त्या पुन्हा. बालरोगतज्ज्ञांकडे रांगेत सगळ्यांच्या मांडीवर बाळं आणि मध्ये ही बेचाळीस वर्षांची, पूर्ण बाह्यांचा ड्रेस, मास्क, छत्री. एका आजीनं विचारलं, ‘बाळ कुठंय?’ ही म्हणाली, ‘मीच.’ गोवरासारख्या जिवंत जंतूंच्या लसी मात्र इतक्यात नाहीत, त्यांना दोन वर्षं तरी थांबावं लागतं. ऊनही चालत नाही, त्वचेवर जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी पेशंटच्या शरीरावर हल्ला करतात तो त्रास) उसळतो. बाईकवर मागे बसून छत्री उघडायची हिची पद्धत पोलिसांनी अजून पाहिलेली नाही.

खडूफळा

मी पेशंट नाही, शिक्षिका आहे. वर्गात असं एक मूल आहे. आम्ही काय करावं, तेही लिहाल का?

चुलीपाशी

बरं केलंत विचारलंत. माझ्या मुलाच्या वर्गात एकाला कांजिण्या झाल्या, शाळेनं आम्हाला सांगितलंच नाही. चार दिवसांनी रिक्षावाल्या काकांकडून कळलं. अशा मुलांना कांजिण्या, गोवर जड जातात, म्हणून ताप यायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं लागतं. नशिबानं निभावलं, पण ते पंधरा दिवस मी त्याची पाठ आरशासारखी न्याहाळत होते. तेवढं करा. एक फोन. बाकी त्या मुलाला वेगळं बसवू नका. माझ्या मुलाला टोपीवरून कुणी चिडवलं तर तो घरी येऊन सांगतो, टोपी काढून घेतली तर सांगत नाही.

प्रवासाचं कुणीतरी खासगीत विचारलंय. आम्ही महालक्ष्मीनं जातो. रेल्वेच्या सवलतीचा छापील फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या, स्लीपरला पेशंटचं तिकीट माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के.

परवा मुलाचं पाठीतलं इंजेक्शन (मणक्यातून दिलं जाणारं केमो) झालं. सपाट झोपून राहायचं असतं, तेव्हा तो कंटाळून डॉक्टरांना म्हणाला, ‘पाणीपुरी कधी?’ त्यांनी काउंट बघितले, बाहेर धो धो चाललेला पाऊस बघितला. ‘पावसाळा संपू दे. आणि घरी केलेली हं.’

घरी आल्यावर त्यानं माझं लाल पेन मागितलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी ‘पापु’ लिहिलंय. तो चौकोन ‘मे’पेक्षा मोठ्या अक्षरात आहे.