समुद्रात पोहणाऱ्यांसाठी शार्कची जाळी आपल्याकडे लावता येईल का?

मोरजीवाली:
नमस्कार, आमच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत, मोरजीला. मागच्या आठवड्यात उतरलेल्या एका कुटुंबाने विचारलं की ऑस्ट्रेलियात बीचवर शार्कसाठी जाळी असतात मग गोव्यात का नाहीत, लहान मुलं पाण्यात जातात, भीती वाटते. मला उत्तर देता आलं नाही. पंचायतीत अर्ज द्यावा असं मनात आहे. कुणाला माहिती असेल तर सांगा, हे जाळं नक्की कसं असतं? किनाऱ्याला पूर्ण कुंपण घालतात का?

सिडनीतला_पेडणेकर:
ताई, मलाही इथे येईपर्यंत कुंपणच वाटायचं, पण तसं अजिबात नाहीये. सिडनीला 1937 पासून जाळी लावतात. एकेक जाळं 150 मीटर लांब आणि 6 मीटर उंच, किनाऱ्यापासून साधारण अर्धा किलोमीटर आत, आणि बाँडायचा बीचच जवळपास एक किलोमीटर आहे, म्हणजे बघा किती जागा मोकळी राहते. शार्क वरून जातो, खालून जातो, बाजूने जातो. सापडलेल्यांपैकी साधारण 40 टक्के शार्क तर किनाऱ्याकडच्या बाजूने अडकलेले असतात, म्हणजे ते आत येऊन परत निघालेले! खरं काम काय तर शार्क अडकवून मारायचे, आजूबाजूला कमी राहिले की माणसाची गाठ पडायची शक्यता कमी. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला 1952 पासून हाच प्रकार, आणि तिथे तारल्यांचे थवे येतात तेव्हा जाळी काढून घेतात कारण त्यांच्यामागे येणारे शार्क, डॉल्फिन सगळेच अडकतात.

रापणकाराचा_मुलगा:
वरच्या दादाने बरोबर सांगितलं. म्हणजे ते मासे धरायचंच जाळं झालं, वर बोये खाली शिसं, आणि जाळ्याला कोण आलंय ते कळत नाही. मी बारा-तेरा वर्षांचा असताना बाबांच्या जाळ्यात कासव आलं होतं, होडीवर घेतलं तेव्हा मान लुळी पडलेली, पुढच्या पायाला दोरा इतका आवळलेला की कातडी कापून आत गेला होता. कासवाला श्वास घ्यायला वर यावंच लागतं, अडकलं की बुडून मरतं, डॉल्फिनचंही तेच. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. ताई तुमच्याच मोरजीला थंडीत कासवं अंडी घालायला येतात ना, त्यांच्या वाटेत आपण जाळं उभं करायचं? आणि ज्याच्यासाठी करायचं ती मोरी, म्हणजे शार्कच, तर आपण बाजारातून आणून आंबटतिख करून खातो, आमच्या वाड्यावर मोरीने माणसाला धरल्याचं आजोबांच्या तोंडूनसुद्धा कधी ऐकलं नाही.

फोंड्याची_मावशी:
पण पूर्ण कुंपणासारखी जाळी हाँगकाँगला असतात ना? आमच्या मुलाने फोटो पाठवलेले, पोहायची जागा चारी बाजूंनी बंद केलेली.

सिडनीतला_पेडणेकर:
हो मावशी, ती वेगळी. बारीक विणीची, तळापर्यंत गेलेली, त्यात प्राणी फारसे अडकत नाहीत. पण ती शांत खाडीत टिकतात. आपल्याकडे जूनच्या लाटांत काय उरणार?

रापणकाराचा_मुलगा:
आणि ताई, गोव्यात माणसं बुडतात ती पाण्याच्या ओढीने, म्हणजे आत खेचणाऱ्या प्रवाहाने. लाटा दोन्ही बाजूंना फुटताना दिसतात आणि मधे एक पट्टा गुळगुळीत, गढूळ, पाहुण्यांना वाटतं इथे पाणी शांत आहे आणि नेमके तिथेच मुलांना घेऊन उतरतात, तीच ओढीची जागा असते. तुम्ही अर्ज द्याच, पण फलकासाठी द्या. त्यावर तो पट्टा चित्र काढून दाखवा, वाचून कळत नाही. आणि पाहुण्यांना निघतानाच सांगा, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं, लाल झेंडा असेल तर उतरायचंच नाही.

फोंड्याची_मावशी:
आणि ओढीत सापडलंच कोणी तर?

रापणकाराचा_मुलगा:
सरळ किनाऱ्याकडे पोहायला बघायचं नाही मावशी, दम संपतो. किनाऱ्याला समांतर आडवं पोहायचं, ओढ सुटली की मग लाटांबरोबर बाहेर. पोहणं जमत नसेल तर पाठीवर तरंगत हात वर करून लाईफगार्डला हाक मारायची. आणि बाहेरच्यांनी त्याच्यामागे उडी घ्यायची नाही, एकाचे दोन तसेच होतात.

मोरजीवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. कासवांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, वाईट वाटलं. अर्ज फलकासाठीच देते, मराठी, कोकणी, हिंदी तिन्ही भाषांत. दादा, त्या पट्ट्याचा ओहोटीच्या वेळचा एखादा फोटो असेल तर इथे टाकाल का? खोलीच्या दारामागे लावते, सोमवारी नवीन पाहुणे येतायत.