पुराव्यासाठी थांबायचे, तर किती आणि कोणी?

मृण्मयी: "हाती सहा महिनेच उरलेल्या माणसाला चाचण्यांचे तिन्ही टप्पे पुरे होईपर्यंत ताटकळत ठेवणे हा क्रूरपणा आहे, धोका पत्करायचा की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्या," हे काल अनिकेत यांनी लिहिलेले वाचून उत्तर दिल्याशिवाय राहवले नाही. ठरवायचे ते कशाच्या आधारावर? हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांचे अनियमित ठोके एन्काइनाइड आणि फ्लेकाइनाइडने कमी होत, ईसीजीचा कागद सुधारलेला दिसे, त्यामुळे ही औषधे जीव वाचवत असणारच, असे भलेभले तज्ज्ञ धरून चालले होते. हे तपासणाऱ्या 'सीएएसटी' नावाच्या चाचणीत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी, घेणाऱ्या ७४३ पैकी २६. चाचणीचा या दोन औषधांचा भाग १९८९ मध्ये मध्येच थांबवावा लागला.

अनिकेत: माझ्या वडिलांना मोटर न्यूरॉनचा आजार होता. आधी सदऱ्याचे बटण लावता येईना, मग पेन धरवेना, शेवटी घास गिळवेना. हे सगळे सव्वा वर्षात घडले. त्यांच्यासमोर बसून 'पुरावा अपुरा आहे' हे वाक्य तुम्हाला उच्चारता आले असते का? आकड्यांना चेहरा नसतो, म्हणून ते मांडणे सोपे जाते.

मृण्मयी: त्या ६३ जणांनाही चेहरे होते, आणि मला काळीज नाही असे सुचवण्याचा तुम्हाला अधिकार नाही. तुम्ही आजाराचे नाव घेतलेच आहे, तर त्यावरच्या रेलिव्ह्रिओ या औषधाचे पाहा. १३७ रुग्णांच्या एका चाचणीवर अमेरिकेने त्याला २०२२ मध्ये मान्यता दिली. ६६४ रुग्णांच्या पुढच्या चाचणीत ते प्लासिबोपेक्षा सरस ठरले नाही आणि २०२४ मध्ये कंपनीने ते बाजारातून काढून घेतले. मधल्या काळात किती घरांनी त्यावर आशा बांधली असेल!

सुहास: प्लासिबोबद्दल कोणीच बोलत नाही. माझी बहीण एका चाचणीत होती. बाटलीवर औषधाचे नाव नव्हते, नुसता क्रमांक होता, आणि रोज सकाळी ती गोळी उजेडात धरून 'ही खरी असेल ना?' असे विचारायची. मरणाच्या दारातल्या माणसाला पिठाची गोळी देण्याची मुभा शास्त्राला कोणी दिली?

मृण्मयी: तुमच्या बहिणीची ती सकाळ मी नाकारत नाही. मात्र प्रभावी उपचार उपलब्ध असतो, तेथे सहसा दोन्ही गटांना तो मिळतो आणि नवे औषध किंवा प्लासिबो त्यावर जोडले जाते. शिवाय सीएएसटीत नशीबवान ठरला तो प्लासिबोचाच गट.

सुहास: 'सहसा' या शब्दात किती माणसे बसतात, हे आधी सांगा. ज्या आजारावर काहीच उपाय नाही, तेथे त्या गटाच्या हाती फक्त वाट पाहणे येते. म्हणून चाचणी संपताच त्यांना खरे औषध देण्याचे बंधन हवे.

मृण्मयी: औषध सुरक्षित आणि उपयोगी दिसले, तर हे बंधन मला मान्य आहे. पण पुरावा म्हणजे वर्षानुवर्षांचा खोळंबाच, हे मान्य नाही. २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये कोविडवरची औषधे तपासणारी 'रिकव्हरी' चाचणी सुरू झाली आणि जूनमध्येच कळले, की व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. त्याच महिन्यात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचे औषध त्या रुग्णालयातल्या रुग्णांसाठी निरुपयोगी ठरले.

अनिकेत: ठीक आहे, एवढे मान्य करतो, की चाचणी झटपट होऊ शकते. मग आमच्या आजारासाठी ती तशी का होत नाही? वडिलांनी एका चाचणीसाठी नाव दिले होते. निवडीची मुलाखत ठरल्याचे पत्र आले, तेव्हा त्यांना जाऊन अकरा दिवस झाले होते.