मामांच्या डोळ्यांत स्टेम सेल टोचण्याआधी

तुम्ही लिहिलंय की स्टेम सेलचं (म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या मूळ पेशींचं) इंजेक्शन दिलं की रेटिना, म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा पडदा, नव्याने तयार होतो, आणि तुमच्या मामांच्या दोन्ही डोळ्यांसाठी ते घ्यावं का असं विचारलंय. कळकळीने सांगतो, घाई करू नका.

२०१४ मध्ये जपानच्या कोबे इथे मासायो ताकाहाशी या संशोधक डॉक्टरांच्या गटाने ७७ वर्षांच्या एका बाईंच्या त्वचेच्या पेशींपासून आयपीएस पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेल्या स्टेम सेल, बनवल्या. त्यांतून रंगद्रव्य-पेशींचा थर वाढवून तो एकाच डोळ्यात, रेटिनाखाली बसवला. हाच थर प्रकाश टिपणाऱ्या पेशींना पोसतो. तो झिजला की त्याही मरतात. वर्षभराने थर शाबूत होता, नजर आणखी ढासळली नव्हती, पण सुधारलीही नव्हती. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा ती शस्त्रक्रिया थांबवली. हे थांबणं मला त्या शस्त्रक्रियेइतकंच मोठं वाटतं.

याउलट फ्लोरिडात २०१५ मध्ये एका क्लिनिकने तीन वृद्ध स्त्रियांकडून प्रत्येकी ५,००० डॉलर घेतले आणि त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या. तिघींची नजर जवळजवळ गेली, एकीला तर उजेडही कळेनासा झाला.

आपल्याकडेही आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रेटिनासाठी हे उपचार फक्त वैद्यकीय चाचणीतच (क्लिनिकल ट्रायल) देता येतात. म्हणून आधी डॉक्टरांकडे चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. चाचणीत सहभागी होण्याचे पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.